जठराच्या सुजेवर कोणता वनस्पती-अर्क घ्यावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: एंडोस्कोपीत जठराच्या अस्तराला सूज दिसली आहे, गुडघेदुखीच्या गोळ्या अधूनमधून चालू आहेत, आणि अमुक वनस्पतीचा अर्क जठराचं रक्षण करतो असं इतक्या ठिकाणी वाचलंत की नेमका कोणता घ्यावा ते ठरेना.

औषधनिर्माणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मी हेच अर्क काढायचो आणि पांढऱ्या उंदरांवर तपासायचो. त्या अनुभवावरून आधी एकच सांगतो. अर्क नंतर निवडा, आधी सूज कशामुळे आली ते शोधून काढा. असं का म्हणतो, ते त्या प्रयोगातच दडलेलं आहे.

प्रयोग साधा असतो. उंदराला उपाशी ठेवायचं, नळीने अर्क पाजायचा, तासाभराने एक मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल द्यायचं आणि आणखी तासाभराने जठर बाहेरच्या वळणावरून कापून टाचण्यांनी फळीवर पसरायचं. ज्या उंदराला अर्क दिलेला नाही, त्याच्या जठराच्या घड्यांवर गडद लाल, जवळजवळ काळपट रेघा उमटलेल्या दिसतात. अर्क मिळालेल्याचं अस्तर गुलाबी, ओलसर, चकचकीत. पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. मग मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "आता क्रम उलटा करून बघ. अल्कोहोल आधी, अर्क नंतर." करून बघितलं. रेघा जशाच्या तशा.

म्हणजे या प्रयोगांतलं 'रक्षण' हे हल्ल्याच्या आधीचं असतं. आधीच झालेली सूज अर्काने उतरली, असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय यात एक मोठी गोम आहे. संशोधक आंद्रे रॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आम्ल कमी न करताही उंदराचं जठर वाचवतात. पुढे १९८३ मध्ये त्यांनीच दाखवलं की आधी पातळ अल्कोहोल दिलं, तरी नंतरच्या शुद्ध अल्कोहोलपासून जठर वाचतं. हलकासा त्रास झाला की अस्तर सावध होतं आणि स्वतःच प्रोस्टाग्लँडिन वाढवतं. त्यामुळे एखाद्या तुरट सालीच्या अर्काने उंदराचं जठर वाचलं, तर तो अर्क सौम्य आहे म्हणून वाचलं की जरा झोंबला म्हणून, हे नुसत्या रेघा मोजून कळत नाही.

मात्रेचाही हिशेब करून बघा. उंदराला बऱ्याचदा किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क देतात. माणसासाठी तो आकडा साधारण ६.२ ने भागतात. साठ किलोच्या माणसाला जवळपास ३.९ ग्रॅम कोरडा अर्क झाला, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल. शंभर ग्रॅम वाळल्या पानांतून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर रोजची ३९ ग्रॅम पानं.

अर्क कशात काढला, हेही नीट बघा. जवस भिजवलेलं बुळबुळीत पाणी गाळून घ्या आणि त्यात अल्कोहोल ओता. क्षणात पांढरे, दोऱ्यासारखे धागे तरंगू लागतात. अस्तरावर लेप धरणारं चिकट द्रव्य ते हेच. ते पाण्यात उतरतं, अल्कोहोलमध्ये टिकत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचं बरोबर उलटं: ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे डबीवर फक्त वनस्पतीचं नाव असेल आणि अर्क कशातला, प्रमाण किती, हे लिहिलेलं नसेल, तर आत काय आहे हे तुम्हाला समजायला मार्ग नाही.

आता ज्येष्ठमध. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जठरावर खरोखर काम करून दाखवलेली ही वनस्पती आहे आणि तीच सगळ्यात बेफिकिरीने घेतली जाते. नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स यांनी १९४६ मध्ये नोंदवलं की ज्येष्ठमधाच्या अर्काने जठराच्या अल्सरच्या रुग्णांना आराम पडतो, पण काहींच्या अंगावर सूज चढते. पुढे १९६० च्या दशकात ज्येष्ठमधातल्याच द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झालं. त्याने जठरातले अल्सर भरून यायचे, पण रक्तदाब वाढायचा आणि पोटॅशियम उतरायचं. कारण दोन्हीकडे एकच. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिथे मीठ साठवणाऱ्या अल्डोस्टेरोन या संप्रेरकासारखं वागू लागतं, मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातं. युरोपात ग्लिसिऱ्हायझिनची रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवलेली आहे. ज्येष्ठमधाच्या मुळीत ते चार टक्के असेल तर अडीच ग्रॅम चूर्णातच ती गाठली जाते. तुम्हाला रक्तदाब असेल, लघवी वाढवणारी किंवा हृदयाची औषधं चालू असतील, तर साधं ज्येष्ठमध नकोच. ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलेला अर्क वेगळा मिळतो. घ्यायचाच असेल तर तो, आणि डॉक्टरांना सांगून.

हळदीबद्दल थोडक्यात. थायलंडमधल्या २०६ रुग्णांच्या एका चाचणीत कर्क्युमिनने अपचनाच्या तक्रारींवर आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल या गोळीइतकाच आराम दिला. हा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते रुग्ण कारण न सापडलेल्या अपचनाचे होते, एंडोस्कोपीत सूज दिसलेले नव्हेत. आणि मिरीतलं पायपरिन घातलेल्या तीव्र कॅप्सूलनी काही जणांच्या यकृताला इजा झालेली आहे.

आता तुमच्या सुजेच्या कारणाकडे. गुडघेदुखीच्या बहुतेक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतात. ब्रिटिश संशोधक जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये हे उलगडलं. दुखणं कमी होतं ते त्यामुळेच, आणि जठरावरचा चिकट थर विरळ होतो तोही त्यामुळेच. गोळी चालू ठेवून वरून अर्क घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं आहे. डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते का ते बघा. मात्र हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असाल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली आणि रॉबिन वॉरन यांच्यासह २००५ चं नोबेल मिळवलं. मस्तकी या झाडाचा डिंक हा जिवाणू काचेच्या बशीत मारतो असं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा फार आशा निर्माण झाली होती. पुढे रुग्णांना मस्तकी देऊन पाहिली तर बहुतेकांत जिवाणू तसाच राहिला. बशीत वरून आम्ल येत नाही आणि जिवाणूला लपायला चिकट थरही नसतो. त्यामुळे हा जिवाणू निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. त्याला वनस्पतींचा पर्याय मला तरी माहीत नाही.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची असते. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या तिच्या आधी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जिवाणू असूनही निकाल 'जिवाणू नाही' असा येतो. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा, आणि तोवर कुठलाही नवा अर्क सुरू करू नका. कारण सापडून उपचार सुरू झाल्यावर जवसाचं बुळबुळीत पाणी घ्यायला माझी हरकत नाही, फक्त इतर औषधांपासून दोन तास दूर, कारण ते औषधांनाही धरून ठेवतं. आणि मध्येच कधी शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.