विडंबन वेगळं, कॅमिओ वेगळा

दांडिया बाजारातल्या एका तरुण वाचकाने विचारलंय, ‘काका, “वाईस सिटी” या व्हिडिओ गेममध्ये एका फ्लॅटच्या न्हाणीघरात रक्त सांडलेलं असतं आणि तिथे चेनसॉ मिळते. ही खोली “स्कारफेस” सिनेमातून उचललीय हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. पण ग्रुपमध्ये कुणी म्हणतं ही स्कारफेसची विडंबना आहे, कुणी म्हणतं कॅमिओ. बरोबर काय? आणि याला मराठीत नीट शब्द आहे का?’

आधी ‘विडंबना’चा निकाल लावतो, कारण हा शब्द असा वापरलेला ऐकला की माझं डोकं उठतं. बडोद्यात आपण घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि टीव्हीवर हिंदी असे जगतो. हिंदी वाहिन्यांवर उठल्याबसल्या ‘कैसी विडंबना है’ चालू असतं. हिंदीत तो शब्द नियतीच्या उलट्या फेऱ्यासाठी रुळला आहे आणि हिंदीपुरता तो अगदी बरोबर आहे. मराठीत त्या जागी दैवदुर्विलास आहे, विपर्यास आहे, साधं ‘नशिबाची थट्टा’ आहे. एवढं घरात असताना उसनवारी कशासाठी?

मराठीने एकाच मुळाचे तीन शब्द कसे नेटके वेगळे ठेवले आहेत बघा. विडंबन म्हणजे मूळ कृतीची नक्कल करून, तिची ढब वाकवून हसवणं. विडंबना म्हणजे फजिती, अवहेलना. आणि त्याच ‘विडंबने’तला ‘ड’ कडक होऊन झाली विटंबना, जी पुतळ्यांची होते आणि वर्तमानपत्रात छापून येते. तेव्हा ‘गेममध्ये सिनेमाची विडंबना केलीय’ हे वाक्य मराठीत ‘गेममध्ये सिनेमाची अब्रू काढलीय’ असं ऐकू येतं. काही कोशप्रेमी लगेच सांगतील, संस्कृतात विडम्बन आणि विडम्बना एकाच अर्थाचे. असतील. मराठीने वापरून वापरून जे निवडून ठेवलं ते व्युत्पत्तीचा हवाला देऊन पुन्हा कालवणं मला मुळीच मान्य नाही. कोश भाषेच्या मागून चालतो, पुढून नाही.

संस्कृतातली एक जागा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव पार्वतीला तिच्या होणाऱ्या नवऱ्याविरुद्ध भडकवत असतो. लग्नानंतर तू म्हाताऱ्या बैलावर बसून निघालीस की लोक हसतील, असं तो म्हणतो आणि त्या फजितीला शब्द वापरतो ‘विडम्बना’. बोलणारा शिव, टर शिवाचीच, आणि तोही सोंग घेऊन आलेला! संस्कृतात विडम्बन म्हणजे वेषांतर, देवाने घेतलेलं माणसाचं रूप, असाही अर्थ आहे. तो शब्द आणि तो प्रसंग इथे एकमेकांत अचूक बसतात. ‘हिटमॅन २’ (२०१८) मध्ये शॉन बीनला मारायची एक कामगिरी होती. पडद्यावर वारंवार मरण्याबद्दल हा नट प्रसिद्ध, आणि गेममध्ये तो आला ‘न मरणारा’ या नावाने. कालिदासाची युक्तीच ही.

आता अस्सल विडंबन. मराठी वाचकाला १९२५ सालची ‘झेंडूची फुले’ सांगायला नकोत. केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, रविकिरण मंडळाच्या कवींची लकब उचलली आणि ती अशी ताणली की मूळ कवितेतली खोड उघडी पडली. त्या मंडळातले माधव ज्यूलियन हे आपल्या बडोद्यात १८९४ साली जन्मलेले, हे इथल्या पोरांना कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. विडंबनाची कसोटी तिथेच ठरून गेली: मूळ ओळखू आलं पाहिजे, ते वाकवलेलं पाहिजे, आणि वाकवण्यातून त्या मुळाबद्दल काहीतरी म्हटलेलं पाहिजे. तिसरी अट राहिली तर उरते निव्वळ नक्कल.

या कसोटीला उतरणारा गेममधला गडी म्हणजे डॅन हिबिकी. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या गेममध्ये रियू आणि केन ही जोडी होती. पहिला ‘स्ट्रीट फायटर’ बनवणारी मुख्य माणसं पुढे एसएनके या दुसऱ्या जपानी कंपनीत गेली, आणि १९९२ साली त्या कंपनीने ‘आर्ट ऑफ फायटिंग’ काढला. त्यातले नायक रियो आणि रॉबर्ट. रियू-केन, रियो-रॉबर्ट: नावं शेजारी ठेवली की पुढचं बोलायला नको. कॅपकॉमने उत्तर दिलं ते १९९५ च्या ‘स्ट्रीट फायटर आल्फा’त. तिथे एक लपवलेलं पात्र आहे, डॅन. चेहरेपट्टी आणि मागे बांधलेले लांब केस रॉबर्टचे, कराटेचा पोशाख रियोसारखा, पण चक्क गुलाबी. रियूचा आगीचा गोळा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. डॅन तसाच आवेश आणतो, तसाच ओरडतो, आणि त्याचा गोळा हातासमोर वीतभर जाऊन विझतो. प्रतिस्पर्ध्याला वाकुल्या दाखवण्याची हौस मात्र दांडगी. नक्कल करणाऱ्याची नक्कल करून ‘तुमचा गोळा इथपर्यंतच पोचतो’ असं एक शब्द न बोलता सांगितलं आहे. हे विडंबन. मी तर याला अत्र्यांच्या पंगतीला बसवीन.

आता कॅमिओ, म्हणजे ओळखीच्या चेहऱ्याचं ओझरतं दर्शन. इथे उलटी तक्रार आहे. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) मध्ये कियानू रीव्ह्ज या हॉलिवूडच्या नटाचा ‘कॅमिओ’ आहे असं सर्रास म्हणतात. अहो, त्याने केलेला जॉनी सिल्व्हरहँड खेळभर डोक्यात बसून बोलत असतो! त्याच्याशिवाय कथाच नाही. ती सरळ प्रमुख भूमिका आहे. त्याच खेळात एका आलिशान हॉटेलात हिदेओ कोजिमा हा गेमनिर्माता बसलेला दिसतो, तो कॅमिओ. कोजिमाच्या स्वतःच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये (२०१९) कोनान ओब्रायन हा अमेरिकी टीव्हीवरचा सूत्रसंचालक भेटतो, पाणमांजराची टोपी देतो आणि कथेतून बाजूला होतो, तोही कॅमिओ. क्षणभर येणं, ओळखू येणं आणि निघून जाणं, एवढंच त्याचं काम.

सिनेमात हा शब्द घरोघरी पोचला १९५६ च्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मुळे. निर्माता मायकेल टॉडने त्यात नामवंतांना चिमुकल्या भूमिकांत नुसतं शिंपडलं होतं. पण शब्द मुळात नाटक-सिनेमाचा नाहीच. तो दगडाचा आहे, आणि आता मी खरा ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

कॅमिओ म्हणजे थरांच्या दगडावर उठावाने कोरलेली प्रतिमा. इटालियनमध्ये ‘काम्मेओ’. खंबायतहून आणलेला अकीकाचा एक कापलेला तुकडा माझ्या मेजावर असतो. आडवा धरला की थर दिसतात: खाली गडद तपकिरी, मध्ये धुरकट पट्टा, वर दुधाळ पांढरा. अशा दगडाचा पांढरा थर कारागीर एवढाच खरवडतो की चेहरा पांढरा राहावा आणि भोवतालचा गडद थर उघडा पडून पार्श्वभूमी व्हावी. रंग लावायचा नाही. दगडाच्या पोटातलेच दोन रंग वेगळे करायचे. याच्या उलट, आत खोल कोरलेली ती इंटाग्लिओ, मोहोरेच्या अंगठीसारखी. रोमनांना कॅमिओचं वेड होतं. व्हिएन्नातला ‘गेम्मा ऑगस्टिया’ आणि पॅरिसमधला पाच थरांचा मोठा कॅमिओ आजही बघायला मिळतात.

आणि हे थरांचे दगड रोमला जायचे कुठून? हिंदुस्थानातून येणाऱ्या दगडांना तिथे मोठा मान होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात स्पष्ट लिहिलंय की ओझेनीहून, म्हणजे उज्जैनहून, अकीक आणि तांबडे दगड बॅरिगाझा बंदरात उतरतात. बॅरिगाझा म्हणजे भरुकच्छ, आपलं भडोच! इथून दक्षिणेला, नर्मदेच्या काठावर. त्याच जिल्ह्यात रतनपूरच्या खाणी आहेत, तिथे अकीक कामगारांचा पीर बाबा घोर याचा दर्गा आहे, आणि तो दगड भाजून, कापून, घासून माळा-अंगठ्या करणारे कारागीर आजही खंबायतेत बसतात.

इंग्रजी कोश ‘कॅमिओ’च्या मुळाशी हात टेकतात: मध्ययुगीन लॅटिनपर्यंत माग लागतो, पुढे मूळ अज्ञात. मग दोन तर्क दिले जातात. एक अरबी, फुलांच्या कळ्या या अर्थाचा. दुसरा फार्सी, अकीक या अर्थाचा. कळ्यांचा तर्क मला पटत नाही. काव्य म्हणून सुंदर आहे, पण दगड विकणारा माणूस कळीचं नाव कशाला घेईल? वस्तू ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तिचं नाव जातं. संत्रं बघा: संस्कृत ‘नारंग’ फार्सी, अरबी असं करत युरोपात ‘ऑरेंज’ झालं. साखर तशीच गेली. मग अकीक गेला तर नाव मागे का राहील? माल भडोचहून निघत होता आणि मधले व्यापारी अरब-इराणी होते, तेव्हा दगडाचं फार्सी नाव पुढे सरकून लॅटिनात घासून गुळगुळीत झालं, हेच मला सयुक्तिक वाटतं. ‘अज्ञात’ असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्यांनी एकदा खंबायतेत येऊन हा दगड हातात धरावा, एवढीच माझी विनंती.

या दगडामुळे शब्दाचा आजचा अर्थही लख्ख होतो. कॅमिओ आकाराने लहान, पण भोवतालापेक्षा वेगळ्या थरातला, म्हणून उठून दिसणारा. मराठीत आपण ‘उठून दिसणं’ म्हणतो ते हेच. ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’मध्ये (१९९८) गोठ्यावरची मेलन नावाची मुलगी गळ्याशी एक पदक लावते. नीट निरखलं तर त्या पदकावर चेहरा आहे बाउझरचा, म्हणजे दुसऱ्याच खेळातल्या मारिओच्या वैऱ्याचा. दागिन्यावर उठावाने काढलेला चेहरा, आणि तोच पाहुणा! शब्दाचा जुना अर्थ आणि नवा अर्थ एकाच पदकात मिळतात. बनवणाऱ्यांनी हे जाणून केलं असो वा नसो, माझ्या लेखी कॅमिओचा याहून चांगला दाखला नाही.

मराठी पर्यायाचं म्हणाल तर ‘पाहुणा कलाकार’ सिनेमाच्या श्रेयनामावलीत शोभतो, गेममध्ये नाही. माइक टायसनच्या नावाच्या ‘पंच-आउट’मध्ये (१९८७) मारिओ पंच म्हणून उभा असतो, तो काय कलाकार आहे? ‘विशेष उपस्थिती’ तर फीत कापायला आलेल्या नगरसेवकाची. नाम हवं तर ‘कॅमिओ’च ठेवा, आणि क्रियापद मराठी वापरा: डोकावणं. ‘या खेळात मारिओ डोकावतो.’ एका शब्दात काम होतं आणि कुणालाही समजतं.

राहिली ती ‘वाईस सिटी’तली खोली. तिथे सिनेमा वाकवलेला नाही, म्हणून विडंबन नाही. कुणी पात्रही येत नाही, म्हणून कॅमिओ नाही. तो दडवलेला उल्लेख आहे. ‘दडवलेला संदर्भ’ म्हणा, नाहीतर सगळे म्हणतात तसं ‘ईस्टर एग’ म्हणा. फक्त ‘ईस्टरचं अंडं’ असं शब्दशः करू नका, कारण मराठी घरात त्या अंड्यांची शोधाशोध होत नाही. हे नाव अटारी कंपनीतून आलं. तिथे खेळ करणाऱ्याचं नाव छापत नसत, म्हणून वॉरन रॉबिनेटने ‘ॲडव्हेंचर’मध्ये जेमतेम दिसणारा एक राखाडी ठिपका ठेवला. तो उचलून योग्य जागी नेला की गुप्त खोली उघडते आणि आत त्याचं नाव झळकतं. गंमत म्हणजे ‘वाईस सिटी’त एका इमारतीच्या खिडकीतून उडी मारली की खरोखरचं चॉकलेटचं अंडं ठेवलेलं सापडतं.

काही जागा दोन्हींच्या सीमेवर असतात, हेही लक्षात ठेवा. ‘असॅसिन्स क्रीड २’मध्ये (२००९) नायक एत्झिओला त्याचा मारिओ नावाचा नातेवाईक भेटतो आणि निन्टेन्डो कंपनीच्या मारिओच्या ढंगात ‘मीच तो, मारिओ’ म्हणतो. तो निन्टेन्डोचा मारिओ नाही, तेव्हा कॅमिओ नाही. लकब उचलली आहे पण वाकवून काही म्हटलेलं नाही, तेव्हा विडंबनही अर्धंच. मी त्याला शाब्दिक कोटी म्हणेन. आणि मराठीत सांगताना ‘अंकल मारिओ’ नको. तो बापाचा भाऊ आहे, म्हणून काका. मारिओमामा असं लिहिलेलं मी वाचलंय, ते चूक.

जाता जाता लिंगाचं. ग्रुपवर ‘त्याची कॅमिओ आहे’ असं लिहिता, ते नको. तो कॅमिओ, अनेकवचनी ते कॅमिओ. कॅमिओला, कॅमिओत, कॅमिओचा. रेडिओ, स्टुडिओ, व्हिडिओ यांच्याच रांगेतला हा शब्द, म्हणून शेवटी ‘यो’ न लिहिता ‘ओ’ लिहा.