वाचक विचारतात: त्र्यंबक-पंचवटी झालं, आता कुठे?

प्रश्न: आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. डिसेंबरात सासू-सासरे येतायत, दोघंही सत्तरीचे, मुलगा नऊ वर्षांचा. काळाराम, त्र्यंबक, वायनरी सगळं झालंय. गाडी आहे, पण जास्त चढ नको आणि गर्दी तर अजिबातच नको. काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी पहिलं नाव नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमापाशी ब्रिटिशांच्या काळात बंधारा बांधला, त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं तयार झाली, म्हणून तर उथळ पाण्यात चालत चिखलात खाणं शोधणारे पक्षी तिथे येतात. महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ही, तरी निम्म्या नाशिकने बघितलेली नाही! चापडगावला मनोरे आहेत, फार चालावं लागत नाही, आजोबा मनोरा चढले नाहीत तरी काठावरून दिसतंच. फक्त एक करा, उजाडताना तिथे असा. मी पहिल्यांदा मिसळ-बिसळ खाऊन आरामात अकराला पोचले होते, तोवर सगळी बदकं पार मधे जाऊन बसलेली, काळे ठिपके नुसते. दुसऱ्यांदा सातच्या आत गेले तर जांभळी पाणकोंबडी दहा-बारा फुटांवर लांबलचक बोटं पसरून पानांवरून चालत होती आणि तिला आमचं काही पडलेलंच नव्हतं. चक्रवाकही थंडीत असतात. दुर्बीण नसेल तर तिथला स्थानिक गाईड घ्या, मुलाला मजा येईल. रोहित (फ्लेमिंगो) दिसेलच असं मात्र त्याला आधी सांगू नका, नाही दिसला की दिवसभर भुणभुण.

दुसरा दिवस सिन्नरचा. गोंदेश्वर यादवकाळातलं, मधे महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी. शिखर नीट बघा, मोठ्या शिखरावर त्याच्याच छोट्या प्रतिकृती ओळीने रचल्यात, मुलाला मोजायला लावा, तेवढा वेळ तुम्ही निवांत. दुपारी जाऊ नका, चपला बाहेर काढायच्या आणि काळा दगड असा तापतो की मी चक्क उड्या मारत देवळात शिरले होते. आजींसाठी मोजे ठेवा पर्समध्ये. संध्याकाळी चारनंतर ऊन तिरपं आलं की कोरीवकाम उठून दिसतं.

प्रश्न: आम्ही कॉलेजचे सहा जण, येत्या रविवारी हरिहर किल्ला करायचाय. बाइकवर किती वाजता निघू?

उत्तर: रविवारी निघूच नका! हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या म्हणजे एकच वाट, वर जाणारे आणि खाली येणारे तिथेच समोरासमोर येतात आणि मधल्यामधे खोबणीत हात घालून ताटकळायचं, त्यात कोणीतरी सेल्फी काढत असतंच. मंगळवार-बुधवारी एक लेक्चर बुडवा (हे मी बोलले नाही), निरगुडपाड्याहून सकाळी सातला चढायला लागा. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवून उतरा, शिडी उतरतो तसं.

रविवारच हवा असेल तर रामशेज करा ना, शहरापासून अर्ध्या तासावर आशेवाडी, तासाभरात माथा. लहान दिसतो म्हणून हसू नका, 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि एवढासा किल्ला वर्षानुवर्षं हाती लागला नाही. वर चढून चारी बाजूंना बघा, आडोसा म्हणून कुठे नाहीच, मग कळतं ते कसे लढले असतील. पाणी मात्र घरूनच न्या, माणशी दोन लिटर.

प्रश्न: गाडी नाही, एकटीच आहे, अर्धाच दिवस मोकळा आहे.

उत्तर: मग पांडवलेणी, पण फोटो काढून परत फिरायचं नाही. तीन नंबरच्या लेण्यात व्हरांड्यात थांबा, भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, दिलेल्या दानाचा, त्यात लेकाचं कौतुक ओळीमागून ओळी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची आई, पण सूर ओळखीचा वाटेल. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळीच जा, आणि माकडांसमोर पिशवीतून बिस्किटं काढू नका.