छोट्या एसयूव्हीचे प्रश्न : क्लचचा वास, घटलेलं ॲव्हरेज आणि खालून येणारी टकटक

या वेळची बहुतेक पत्रं परवडणाऱ्या छोट्या एसयूव्हीच्या मालकांची आहेत. त्यांपैकी बऱ्याच तक्रारींत कोणता पार्ट बदलायचा हे मेकॅनिकने आधीच ठरवून टाकलेलं आहे. म्हणून उत्तरांत आधी तपासणी कशी करायची ते सांगितलं आहे.

प्रश्न : एएमटी गिअरबॉक्सची पेट्रोल गाडी आहे, ३५ हजार किलोमीटर चालली आहे. चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलं की जळका वास येतो आणि निघताना गाडी हिसका देते. क्लच बदला म्हणतात. ऑटोमॅटिक गाडीत क्लच जळतोच कसा?

एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं तेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं तेल असतं, त्यामुळे गाडी रांगली तरी घासण्यासारखं काही नसतं. एएमटीत गाडी रांगते ती क्लच अर्धवट पकडून. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवली, की प्लेट सतत घासते, तापते आणि तो वास येतो. या गाड्यांचे क्लच लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच सवय आहे. तेव्हा आधी तिच्याकडे बघा.

चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबा. हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावर चढावर गाडी धरून ठेवणारी सोय) असला तरी तो साधारण दोन सेकंदच गाडी धरतो, त्यामुळे तीव्र चढावर हँडब्रेक लावून, ॲक्सिलरेटर देऊन, गाडी पुढे ओढू लागली की मगच हँडब्रेक सोडा. पुढची गाडी फूटभर सरकली म्हणून आपणही सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि एकदाच नीट निघा. क्लच पूर्ण पकडला की त्याचं घासणं थांबतं. थांबायला वेळ लागणार असेल तर न्यूट्रल करा. गिअर बदलताना बसणारा हिसका वेगळा असतो. गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की तो जवळजवळ नाहीसा होतो.

आता क्लच खरंच गेला आहे का ते पाहा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये चौथ्या गिअरात ४०च्या वेगावर या आणि ॲक्सिलरेटर साधारण पाऊण दाबा. पूर्ण दाबू नका, नाहीतर गिअरबॉक्स स्वतःच खालचा गिअर टाकेल. गिअरचा आकडा तोच राहूनही आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र हळूच वाढला, तर प्लेट घसरते आहे. क्लच बदलावा लागेल. काटा आणि वेग बरोबरीने चढले तर प्लेट शाबूत आहे. मग हिसक्याचं कारण बहुधा क्लचच्या पकडबिंदूची, म्हणजे क्लच जिथे पकडू लागतो त्या जागेची, कॉम्प्युटरमधली नोंद बिघडणं हे असतं. प्लेट झिजत जाते तसा हा बिंदू सरकतो. स्कॅनर जोडून क्लचचं लर्निंग, म्हणजे ही नोंद, पुन्हा करून घ्या. हायड्रॉलिक ॲक्च्युएटर असेल तर त्याच्या तेलाची पातळी पाहा. बॅटरीही तपासा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२च्या खाली असेल तर गिअर न पडणं, मध्येच न्यूट्रल होणं अशा तक्रारी निव्वळ बॅटरीमुळे येऊ शकतात.

क्लच बदलायचाच झाला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच घाला. एकटी प्लेट घालून पैसे वाचत नाहीत, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते. बॉक्स खाली आहे तोवर क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे का आणि फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा आहेत का, ते समोर उभं राहून बघा. बसवल्यानंतर लर्निंग झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आणि ज्या एएमटीत 'पी' (पार्किंगची जागा) नसतो, ती उभी करताना गिअरात ठेवूनच इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक लावायचा. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी फक्त हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते.

प्रश्न : तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. डिस्प्लेवर १७.५चं ॲव्हरेज दिसतं, पण पेट्रोलचा हिशेब जुळत नाही. गाडीत दोष आहे का?

डिस्प्लेचा आकडा म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून कॉम्प्युटरने काढलेला अंदाज. तो प्रत्यक्षापेक्षा जास्तच दाखवतो असा बहुतेकांचा अनुभव आहे. टाकी ते टाकी मोजा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, वरून ठासून भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा. निदान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच बाजूने गाडी लावून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि २७.५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १५. असं तीनदा करून सरासरी काढा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका.

एवढं करूनही आकडा कमी आला तर आधी तुमच्या फेऱ्या किती लांबीच्या आहेत ते पाहा. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापेपर्यंत घर येतं, आणि अशा वापरात कुठलीही टर्बो गाडी जाहिरातीतला आकडा देणार नाही. दुसरं, वेग. एसयूव्ही उंच आणि बोजड आकाराची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात तर तो जवळजवळ १.९ पट होतो. छोट्या टर्बोला त्या वेगात सतत बूस्टवर, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या जादा हवेवर, राहावं लागतं.

गाडीतला दोष शोधायचा तर टायरची हवा आणि ब्रेक इथून सुरुवात करा. हवा थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पूर्ण प्रवासी आणि सामान असताना त्याच स्टिकरवरचा वेगळा आकडा धरा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून झाल्यावर चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा बरंच गरम जाणवलं तर तो ब्रेक धरून राहतो आहे. बहुतेकदा कॅलिपरच्या स्लाइड पिना सुकलेल्या असतात. त्या काढून साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावलं की काम होतं. एअर फिल्टर तुंबला तर आधी पिकअप मार खातो, ॲव्हरेज फारसं नाही. म्हणून फक्त फिल्टर बदलून ॲव्हरेजमध्ये चमत्कार होण्याची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : खराब रस्त्यावर पुढून टकटक आवाज येतो. शॉकअपची जोडी बदलायला सांगितली आहे.

शॉकअपला तेल लागलेलं दिसतं का? नसेल तर थांबा. आवाज कधी येतो त्यावरून बरंच कळतं. हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर दोन्ही चाकं वेगवेगळी हलताना कोरडी टकटक येत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडवर. ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना एकच 'ठक' असेल तर लोअर आर्मचं बुश किंवा बॉल जॉइंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली तर शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं. आणि आवाज टकटक नसून घोंघावणारा, वेगाबरोबर वाढणारा असेल तर चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना तो वाढला तर उजवं बेअरिंग तपासा, कारण तेव्हा भार उजव्या बाजूवर येतो.

लिंक रॉडची खात्री सोपी आहे. मेकॅनिकला दोन्ही लिंक सोडवून, वर बांधून ठेवायला सांगा आणि आवारातच अगदी हळू चालवून पाहा. आवाज गेला तर दोष सापडला. हा स्वस्त पार्ट आहे, जोडीने बदला. अलाइनमेंटची गरज नाही. लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलला तर मात्र अलाइनमेंट करावंच लागतं. लोअर आर्मच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवं बुश काही महिन्यांत फाटतं. शेवटचं आवळणं चाकांवर गाडीचं वजन असतानाच व्हायला हवं. हे काम होताना उभे राहा, संकोच करू नका.

प्रश्न : गाडीला १९५/६० आर १६ टायर आहेत. २१५/६० आर १६ टाकले तर?

भरलेले दिसतील, पण टाकू नका. आताच्या टायरचा व्यास सुमारे ६४० मिलिमीटर आहे, नव्याचा ६६४ होईल. म्हणजे पावणेचार टक्के वाढ. मीटरवर आताच्यापेक्षा वेग कमी दिसेल, पिकअप मंदावेल, एएमटी असेल तर क्लचवर जास्त ताण येईल, आणि पूर्ण भारात वळताना टायर चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासू शकेल. या बदल्यात ग्राउंड क्लिअरन्स वाढेल फक्त १२ मिलिमीटर. रुंदच हवे असतील तर २०५/६०चा व्यास ६५२ येतो, वाढ दोन टक्क्यांच्या आत. तेही मॅन्युअलमध्ये तो साइज दिलेला असेल आणि रिमची रुंदी पुरत असेल तरच. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळपेक्षा कमी घेऊ नका.

प्रश्न : सहा वर्षं जुनी, एक लिटर टर्बोची गाडी घ्यायची आहे. काय बघू?

आधी ऑइल बदलल्याच्या नोंदी. छोट्या टर्बो इंजिनात थोडंच ऑइल असतं आणि तेच टर्बोचं बेअरिंगही थंड करतं. ऑइल उशिरा बदललं असेल तर इतर सगळं चकाचक असूनही गाडी सोडून द्या. शिवाय काही तीन सिलिंडर इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजून चालतो. चुकीच्या दर्जाच्या किंवा जुन्या ऑइलने त्याचं रबर फुगतं, त्याचे कण सुटून पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचं प्रेशर पडतं. तुम्ही बघत असलेल्या इंजिनात असा बेल्ट आहे की चेन, हे आधी विचारा. बेल्ट असेल तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा.

गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सुरू करताच खडखडाट किंवा निळसर धूर नको. सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तेल बदलल्याची नोंद पाहा आणि हळू वेगात थरथर होते का ते चालवून पाहा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या टोकाला मातीची रेषा असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे.

प्रश्न : ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर आहे. किती पाण्यातून जाता येईल?

त्या आकड्याचा पाण्याशी संबंध नाही. इंजिनाचं हवा घेण्याचं तोंड बऱ्याचदा ग्रिलच्या मागेच असतं. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर ती पाळा. नसेल तर चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरच्या वर पाणी असेल तर उतरू नका. वाहतं पाणी असेल तर त्याहून कमी खोलीतही नको. जायचंच तर पहिल्या गिअरात, एका संथ वेगाने. इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं. गाडी ढकलून बाहेर काढा, फ्लॅटबेडवर न्या आणि स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामे केल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नका. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर ते आणि फिल्टर बदलूनच सुरू करायचं.