जोसेफ लँकेस्टरच्या शाळेत एकच शिक्षक शेकडो मुलांना कसा शिकवत असे?

थोडक्यात उत्तर: मुलांना मुलंच शिकवत. लँकेस्टरने (१७७८–१८३८) लंडनच्या साउथवर्क भागात, बरो रोडवर, गरीब मुलांसाठी ही शाळा उभी केली. शिक्षक हुशार मुलांना म्हणजे मॉनिटरांना आधी धडा देई आणि प्रत्येक मॉनिटर साधारण दहा मुलांच्या गटाला तोच शिकवी.

खर्च वाचवण्याच्या युक्त्या खरोखर डोकेबाज होत्या. अगदी लहानांना वाळू पसरलेल्या बाकावर बोटाने अक्षरं गिरवायला लावत. त्यामुळे कागद-शाई लागतच नसे. मोठ्यांना पाटी. वाचनासाठी पुस्तकाची पानं मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगत आणि मुलं समोर अर्धवर्तुळात उभी राहत, म्हणजे एका पुस्तकावर अख्खी शाळा चाले. मॉनिटर शब्द सांगे, सगळे लिहीत आणि हुकूम होताच पाट्या एकदम वर करत. वाळूवर लिहिणं आणि मुलांकरवी शिकवणं अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने त्याआधी मद्रासच्या अनाथालयात राबवलं होतं. पहिला मान कोणाचा, यावर पुढे दोघांच्या समर्थकांत चांगलीच जुंपली.

अडायचं कुठे? मॉनिटर स्वतःच पोर. पाठ केलेल्यापलीकडचा प्रश्न आला की तो गप्प, म्हणून घोकंपट्टी वाढली. लँकेस्टर छडीच्या विरोधात होता खरा, पण गळ्यात लाकडी ओंडका अडकवणं, टोपलीत बसवून छताला टांगणं या त्याच्या शिक्षा काही सौम्य म्हणता येत नाहीत. पैशाचा हिशेब तर त्याला कधीच जमला नाही. कर्ज आणि भांडणांमुळे स्वतःच्याच संस्थेतून बाहेर पडून १८१८ मध्ये तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमधल्या मोफत शाळांनी त्याची पद्धत १८०६ पासूनच उचलली होती.