सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या २४ वर्षांच्या भावाला व्यायाम करू द्यावा का?

हो, नक्की करू द्या. या जन्मजात आजारात फुफ्फुसात घट्ट, चिकट कफ साठतो. धाप लागते म्हणून घरात बसवलंत तर दम आणखी कमी होईल. आधी डॉक्टरांकडून चालण्याची चाचणी आणि ऑक्सिजन तपासून घ्या.

माझ्या बहिणीला हाच आजार आहे. ती रोज बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या झाडांखाली अर्धा तास भरभर चालते, मधेच थांबून खाकरते, कफ टिशूत काढते. कफ सैल होतो तो असा. तरी फिजिओथेरपी आणि नेब्युलायझर चालूच ठेवायचं. १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात चांगला दमसास असलेले रुग्ण ८ वर्षांनंतर जास्त प्रमाणात जिवंत होते.

मिठाकडे मात्र फार लक्ष द्या. यांच्या घामातून मीठ इतरांपेक्षा कितीतरी जास्त जातं. एप्रिलमध्ये घरी येईपर्यंत बहिणीच्या काळ्या ओढणीवर पांढरे पट्टे उमटतात. नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक लागतं. किती, ते डॉक्टरांना विचारा.

ताप आला किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठा. हाच आजार असलेल्या दुसऱ्या कुणासोबत मात्र व्यायाम नको, फुफ्फुसातले जंतू एकमेकांना लागतात.