तोंडी येते, लिहिता येत नाही : सातवीतल्या मुलासाठी शाळेकडे काय मागावे?

प्रश्न : माझा मुलगा सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित मराठी शाळेत सातवीत आहे. विज्ञानाची उत्तरे तो तोंडी नीट सांगतो, पण उतारा वाचताना अडखळतो, फळ्यावरचे उतरवून घ्यायला त्याला तास पुरत नाही आणि त्याचा निम्मा पेपर कोराच राहतो. शाळेकडून दरवेळी ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. एका समुपदेशकांनी अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणन अवघड जाणे) शंका व्यक्त केली. मुख्याध्यापक मात्र ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ म्हणाले. प्रमाणपत्र काढल्यास ‘दिव्यांग’ असा शिक्का बसून त्याचे पुढचे शिक्षण अडेल का? घरातली मोटार, पंप खोलून दुरुस्त करण्याची त्याला फार आवड आहे. (एक आई)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. परंतु तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत आपण वर्णन केले आहे एवढे अंतर असेल, तर मुलाची तपासणी व्हायलाच हवी. हे अंतर आळसाने पडत नाही. मराठीत जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि ‘घ-ध’, ‘भ-म’ यांसारखी एकमेकांजवळची अक्षरे वाचन अक्षमता असलेल्या मुलाला पावलोपावली अडवतात. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणाऱ्या मुलाला संख्या कळत नाही असे समजणे हा त्याच्यावर अन्याय असतो.

मुख्याध्यापकांचे उत्तर कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजावेत, असे कलम १६ सांगते. तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम १७ मध्ये आहे. तरीही मुख्याध्यापकांशी वाद घालून सुरुवात करू नका. बहुतेक शाळांमध्ये अडचण अनिच्छेपेक्षा माहितीच्या अभावाची असते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात लेखी अर्जाने करा. त्यात मुलाच्या अडचणी उदाहरणांसह लिहा, उत्तरपत्रिकांच्या दोन-तीन छायाप्रती जोडा आणि मुलाची प्राथमिक पडताळणी करून त्याला तपासणीसाठी पाठवावे, अशी विनंती करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी बोलणे शिक्षक बदलले की विसरले जाते, पोच घेतलेला कागद मात्र दहावीपर्यंत उपयोगी पडतो. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत बोलवावे, हेही त्याच अर्जात लिहा. दाद मिळाली नाही तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि अगदी शेवटी पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते.

तपासणीत प्रथम दृष्टी आणि श्रवण पाहिले जाते, मग चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणन यांच्या चाचण्या होतात. एका फेरीत हे क्वचितच संपते. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात कोणत्या वारी तपासणी होते ते आधी विचारून जा. तिथे या चाचण्यांची सोय नसेल तर संदर्भपत्र मागून घ्या. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात असे केंद्र पुष्कळ वर्षांपासून आहे. खासगी अहवालाने शिक्षकांना मुलाची अडचण समजते, परंतु बोर्डाच्या सवलतींसाठी सक्षम शासकीय वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्रच काढावे. ते दहावीच्या वर्षापर्यंत लांबवू नका.

प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात पुष्कळ काही होऊ शकते आणि त्याला खर्चही येत नाही. मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये, फळ्यावरचा मजकूर वर्गमित्राच्या वहीतून घेऊ द्यावा, प्रश्न त्याला वाचून दाखवावेत आणि निदान विज्ञान व इतिहासाचे काही गुण तोंडी परीक्षेवर द्यावेत. जादा वेळ साधारणपणे तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास मिळतो. लेखनिकाबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन की त्याची सवय आठवीच्या घटक चाचणीपासूनच लावावी. मनात उत्तर तयार असणे वेगळे आणि समोर बसलेल्या मुलाला ते सलग, विरामचिन्हांसह सांगणे वेगळे. गणितात किंवा आकृतीत तर ही कसोटी अधिकच कठीण असते. मार्चच्या परीक्षेत पहिल्यांदाच लेखनिकासोबत बसलेली हुशार मुले गांगरलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात दोष त्यांचा नव्हता.

आता करिअरचा प्रश्न. प्रत्येक सवलत घेतलीच पाहिजे असे नाही. जादा वेळ, लेखनिक आणि गणकयंत्र यांनी पुढची कोणतीही वाट बंद होत नाही, पण नेहमीच्या गणिताऐवजी सोपे अंकगणित किंवा दुसरा विषय घेतला तर काही वाटा बंद होऊ शकतात. आपल्या मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे, म्हणून हे फार जपून ठरवा. आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) वायरमन हा ट्रेड आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्याला घेता येतो, तर इलेक्ट्रिशियनसाठी विज्ञान आणि गणितासह दहावी लागते. तपासणीत त्याची अडचण वाचन-लेखनापुरतीच निघाली, तर गणित सोडू नका. सूट भाषेत घ्या. नेहमीच्या शाळेत फारच कोंडी झाली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते. तिथे पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, एकेक विषय सोडवता येतो. मात्र सातवीतच शाळा सोडवून तिकडे वळण्याची घाई करू नये, कारण त्याला सोबत्यांचीही गरज आहे.

‘शिक्का’ या शब्दामागची आपली भीती मला समजते. पण मुलावर ‘लक्ष देत नाही’ हा शिक्का आधीच बसलेला आहे, आणि त्याने त्याला काहीही दिलेले नाही. प्रमाणपत्राने निदान हक्क मिळतात. अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. ती त्याहून कमी असली तरी तेवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

एक काम आपल्याला घरीच करायचे आहे. रुग्णालयात नेण्यापूर्वी त्याला तपासणी कशासाठी आहे ते सांगा. ‘तुला कळते ते कागदावर का उतरत नाही, हे आपण शोधणार आहोत,’ एवढे म्हटले तरी पुरे. डॉक्टरांना दाखवायला त्याने दुरुस्त केलेल्या पंपाचा एखादा फोटोही सोबत असू द्या.