बाकी सगळं नीट, 'ॲ' तेवढा वेगळा का?

प्रश्न: मी एक जुना देवनागरी फॉन्ट वापरते, त्याचं वळण मला फार आवडतं. पण 'ॲसिड' लिहिलं की 'ॲ' तेवढा बारीक आणि भलत्याच वळणाचा येतो, आणि तीच फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की तिथे नुसता चौकोन. फाईल खराब झालीय का? 'ॲ'ऐवजी 'अ' टाईप करून त्यावर चंद्र दिला तर चालेल का?

उत्तर: फाईल ठणठणीत आहे, काळजी करू नका. फाईलमध्ये अक्षराचा आकार नसतोच, त्याचा युनिकोड नंबर असतो (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर देणारी जगभरची यादी) आणि तो दोन्हीकडे तोच आहे. घोळ फॉन्टचा आहे. 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच फॉन्टमध्ये तो नाहीच. ॲप आधी फॉन्टमधला तक्ता बघतं, कुठल्या नंबराला कुठला आकार, आणि तिथे नोंद नसली की बाकीचे फॉन्ट धुंडाळून ज्यात सापडेल त्यातून तेवढं अक्षर उसनं आणतं, हाच फॉलबॅक. पहिल्या प्रोग्रॅमने ते केलं, दुसऱ्याने शोधलं नाही किंवा त्याला मिळालं नाही, मग 'अक्षर नाही' यासाठी फॉन्टमध्ये जो चौकोन ठेवलेला असतो तो दिसला. त्याला टोफू म्हणतात, गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरूनच पडलंय.

देवनागरीत हे फार जपून करावं लागतं. समजा फॉन्टमध्ये 'क' आहे पण चंद्र नाही, तर चांगलं ॲप अख्खा 'कॅ' दुसऱ्या फॉन्टमधून घेतं. नुसता चंद्र बाहेरून आणला तर तो 'क'वर बसतच नाही, शेजारी ठिपक्यांच्या गोलावर लटकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्याचंच चुकलं. याचा मला खरंच राग येतो.

म्हणून दुसरा फॉन्ट कुठला हे शक्यतो ॲपवर सोडू नका. वेबपेज असेल तर फॉन्टच्या यादीत तुमच्या फॉन्टमागे साधारण तशाच जाडीचा, 'ॲ' असलेला देवनागरी फॉन्ट स्वतः लिहा. पीडीएफ पाठवणार असाल तर फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाईलमध्येच घालून पाठवा, म्हणजे तुम्हाला दिसतं तेच समोरच्याला दिसेल.

आणि 'अ'वर चंद्र देऊ नका. काही ठिकाणी दिसायला सेम दिसेल, काही ठिकाणी मध्ये ठिपक्यांचा गोल येईल, पण युनिकोडच्या लेखी ते वेगळंच आहे, एकाच नंबराऐवजी दोन नंबर पडतात, आणि मग कोणी नीट 'ॲसिड' टाईप करून शोधलं तरी तुमचं पान बहुतेक सापडणार नाही.